जुन्या मोटरसायकलीमागचं दृश्य बदलण्याची कला कुठून आली

गॅरेजमध्ये किंवा प्रदर्शनाच्या गर्दीत टिपलेली जुनी मोटरसायकल फोटोतून उचलायची आणि घाटरस्त्यावर नाहीतर कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर उभी करायची, हे आता काही मिनिटांचं काम झालं आहे. तरी हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, माणूस किंवा खुर्ची कापून काढणं वेगळं आणि १९२०च्या दशकातली मोटरसायकल कापून काढणं वेगळं. त्या गाड्यांना अंग झाकणारे पत्रे फारसे नसत. चाकांच्या स्पोकमधून, पुढचं चाक धरणाऱ्या गर्डर फोर्कच्या दांड्यांमधून, टाकी आणि इंजिनच्या मधल्या फटीतून मागचं सगळं दिसतं. जे थेट दिसत नाही, ते हेडलाइटच्या आणि हँडलच्या चकाकीत उमटतं. पार्श्वभूमी गाडीत शिरलेली असते. ती बाहेर काढायची कशी, याच प्रश्नाभोवती या कामाचा इतिहास फिरत आला आहे.

फोटो जोडण्याची कला मोटरसायकलीहून जुनी आहे. १८५०च्या दशकात फोटो काचेवरच्या कोलोडियन या रसायनाच्या थरावर उमटत, आणि त्या थरावर निळ्या रंगाची छाप फार लवकर पडायची. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जाई. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापलं. १८५७ साली ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र उभं केलं. डाइमलर आणि मायबाख यांची लाकडी सांगाड्याची दुचाकी आली १८८५ मध्ये, आणि हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलरने मोटरसायकली रीतसर बनवून विकायला काढल्या त्या १८९४ मध्ये.

या इतिहासातला सगळ्यांत समृद्ध भाग मात्र कारखान्यांच्या कॅटलॉगचा, असं मला वाटतं. बारीक ठिपक्यांतून छटा दाखवणारी हाफटोन छपाई रुळल्यावर यंत्रांचे फोटो थेट छापता येऊ लागले, पण ते फोटो निघायचे कारखान्याच्या आवारातच. मागे भिंती, पिंपं, माणसं. मग यंत्रामागे पांढरी चादर ताणून धरायची, आणि तरीही जे उरेल ते काचेच्या निगेटिव्हवर अपारदर्शक रंगाने झाकून टाकायचं. झाकलेला भाग कागदावर कोरा पांढरा येई. ब्रिटनमधले इंजिन कारखाने तर नव्या आगगाडीच्या इंजिनाला फोटोपुरता करडा रंग देत, म्हणजे बारकावे स्वच्छ उठून दिसत. जोडीला हवेच्या झोताने रंग फवारणारा एअरब्रश आला. त्याचं प्राथमिक रूप १८७०च्या दशकातलं, आणि १८९०च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी ते सुधारलं. टाकीवरची नको असलेली प्रतिबिंबं पुसून तिथे गुळगुळीत छटा मारणं हे रिटचिंग करणाऱ्याचं रोजचं काम बनलं. प्रत्येक दोन स्पोकमधली फट ब्रशने भरायची, आणि एखादा स्पोक बुजलाच तर पट्टी लावून पुन्हा ओढायचा. एका चाकात ३६ किंवा ४० स्पोक, अशी दोन चाकं. जुन्या कॅटलॉगमध्ये गाडी सावलीशिवाय अधांतरी दिसते ती यामुळेच. जमीन झाकताना सावलीही झाकली जाई.

हे फोटो आज नव्या पार्श्वभूमीवर ठेवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात, कारण त्या फार वेळा हुकतात. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लालभडक टाकी फोटोत काळी येते. दुसरी गोष्ट चकाकीची. क्रोमचा मुलामा सर्रास आला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीची चमक निकेलची, किंचित पिवळसर आणि मऊ. १९२२ची गाडी निळसर क्रोमसारखी लखलखवली, तर मागचं दृश्य कितीही अस्सल असो, गाडी खोटी झाली.

सिनेमाने या कामात निळा पडदा आणला, म्हणजे वस्तूमागे निळा पडदा धरायचा आणि तो निळा भाग नंतर दुसऱ्या दृश्याने बदलायचा. १९४० साली लॅरी बटलर यांनी तो रंगीत चित्रपटात वापरला. चकचकीत धातूवर मात्र पडद्याचाच रंग चढतो, आणि मोटरसायकलीच्या बाबतीत ही अडचण हिरव्या पडद्यासमोरही जशीच्या तशी राहिली.

संगणकावरच्या कापणीचं मूळ थेट वाहनउद्योगात आहे, ही गोष्ट मला फार आवडते. मोटारींच्या पत्र्याचे वळसे गणितात मांडण्यासाठी सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६०च्या आसपास वक्ररेषांची पद्धत घडवली. फोटो बदलण्याच्या फोटोशॉप या प्रोग्रामच्या पेन टूलने आपण टाकीभोवती पाथ, म्हणजे कापायची रेषा काढतो, तो याच बेझिए वक्रांचा. कारखान्यात टाकी घडवणारी रेषा आता तिला फोटोतून बाहेर काढते.

स्पोकचा प्रश्न मात्र नुसत्या रेषेने सुटत नाही. फोटोतला स्पोक कित्येकदा एका पिक्सेलहूनही बारीक असतो. त्या पिक्सेलमध्ये थोडा धातू आणि थोडी भिंत मिसळलेली असते. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकात मांडलेली अल्फा चॅनेलची कल्पना इथे उपयोगी पडली: पिक्सेल किती झाकलेला, किती मोकळा, हे रंगासोबतच नोंदवायचं. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली त्यावर आधारलेले जोडणीचे नियम प्रसिद्ध केले. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं आणि १९९४ च्या आवृत्तीत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे स्वतंत्र थर आले. मग गाडी, सावली आणि रस्ता वेगवेगळे हलवता येऊ लागले.

२००४ साली ग्रॅबकट ही कापणीची पद्धत आली. गाडीभोवती चौकट काढली की कडा संगणक शोधी. २०२३ मध्ये फोटोतली कुठलीही वस्तू वेगळी काढणारं मेटाचं सेगमेंट एनीथिंग आलं, आणि त्याच वर्षी ॲडोबीने रिकामी जागा नव्याने रचून भरणारं साधन दिलं. वेग वाढला, पण खोड तीच राहिली. चाकातल्या फटींमध्ये जुन्या भिंतीचे तुकडे राहून जातात. नव्याने रचलेले स्पोक एकमेकांना ओलांडून हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, पोचतच नाहीत, आणि क्लचची केबल मध्येच विरून जाते. जुन्या गाड्या मूळ रूपात आणणाऱ्यांसाठी ही लहान बाब नाही. कार्ब्युरेटर कुठला होता, लिव्हर कसा बसवला होता, हे ते जुन्या फोटोंवरूनच ठरवतात. म्हणून मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवणं आणि बदललेल्या फोटोवर तसं लिहिणं त्यांना गरजेचं वाटतं. फोटो-व्हिडिओंचा उगम नोंदवण्याचे नियम ठरवणाऱ्या, २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए (C2PA) या गटाच्या मानकाप्रमाणे आता फोटोत काय बदल केले, याची नोंद फाइलमध्येच ठेवता येते.