ट्यूबलेस रूपांतर : बेळगाव सीमाभागातील ॲडव्हेंचर मोटारसायकली

मोटारसायकलच्या तारांच्या चाकातली ट्यूब काढून टाकायची आणि रिंग व टायर यांच्यामधल्या पोकळीतच हवा कोंडून धरायची, या कामाला ट्यूबलेस रूपांतर म्हणतात. डांबरी रस्ता आणि जंगलवाट दोन्हींवर चालावी म्हणून उंच बांधलेल्या ॲडव्हेंचर गाड्यांवर ते प्रामुख्याने केले जाते. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा विषय मुख्यतः रॉयल एनफिल्ड हिमालयन (२०१६) आणि हिरो एक्सपल्स (२०१९) यांच्या मालकांचा. दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची. मागचे हिमालयनला १७, एक्सपल्सला १८ इंची. दोन्हींना कारखान्यातून तारा आणि ट्यूब. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये आली, सुझुकीची २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम २०२२ मध्ये. त्या अलॉयवर (मिश्रधातूची, तारांविना ओतीव चाके) आणि ट्यूबलेस टायरवर आल्या, म्हणून त्यांच्या मालकांना ही उठाठेव करावी लागली नाही. त्यांच्या काळज्या वेगळ्या.

तारांचे चाक ठेवण्यामागे कारण आहे. दगडावर आपटल्यावर तार थोडी लवते, धक्का पसरवते. रिंग चेपली तर लाकडी ठोकळा आणि हातोडा घेऊन ती बऱ्यापैकी सरळ करता येते. अलॉय मात्र तडकला की रस्त्याकडेला त्यावर इलाज नाही. पण तार रिंगला जोडायची तर भोक पाडावेच लागते. साधारण ३६ तारा म्हणजे ३६ भोके, आणि प्रत्येक भोकात निपल (तार ताणणारा छोटा नट) सैलसर फिरणारे, कारण ते फिरवूनच रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा असतो. या ३६ वाटांनी हवा निघून जाते म्हणून आत ट्यूब. रूपांतर म्हणजे या वाटा बुजवणे. कल्पना एवढीच आहे, पण बुजवलेली वाट बुजलेली राहणे हा निराळा प्रश्न आहे.

ट्यूबलेस टायर नवा नाही. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये तो जाहीर केला, पेटंट १९५२ चे. टायरच्या आतून हवा न झिरपणाऱ्या ब्यूटिल रबराचा थर असतो आणि टायरची कड रिंगच्या खाचेत घट्ट बसून बाकीचे काम करते. मोटारींना तो लवकर मिळाला, कारण त्यांच्या पत्र्याच्या रिंगला तारांची भोके नव्हती. तारांच्या मोटारसायकलीसाठी बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसवर तोडगा दिला: तारा रिंगच्या मधोमध न जोडता कडेच्या पट्टीला, एकमेकींना छेद देत जोडल्या, हवेच्या पोकळीत एकही भोक उरले नाही. २०२३ अखेर आलेल्या हिमालयन ४५० ला सुरुवातीला ट्यूबच होती. पुढे कंपनीने तिच्यासाठी ट्यूबलेस तारांची चाके उपलब्ध केली. ज्याला परवडते त्याने असे तयार चाक घ्यावे, हे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. बाकी सगळे जुगाड आहे, काही चांगले, काही नुसतेच.

भूभाग

रूपांतराचा उपयोग किती, हे गाडीपेक्षा रस्त्यावर ठरते, आणि या जिल्ह्यात रस्ते दोन जातींचे आहेत.

पूर्वेला आणि उत्तरेला निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी हा काळ्या मातीचा, उसाचा मुलूख. पुणे-बेंगळुरू महामार्ग (क्रमांक ४८, लोकांच्या तोंडी अजून 'एनएच फोर') इथूनच जातो. इथला शत्रू म्हणजे खिळा. गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात आणि बैलांच्या पायांना पत्र्या मारलेल्या असतात. पत्री झिजून सुटली की तिचा चपट्या डोक्याचा खिळा डांबरावर पडून राहतो. पुढचे चाक त्याला उभा करते आणि मागचे चाक तो आत घेते. म्हणून पंक्चर बहुतेक वेळा मागचेच. महामार्गावर फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक पोलादी तारा असतात, त्या तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. अशा खिळ्यापुढे ट्यूबलेस टायर उजवा ठरतो. ट्यूबला भोक पडले की ती फाटत जाते, हवा क्षणात जाते आणि मागचे चाक माशाच्या शेपटीसारखे हलू लागते. ट्यूबलेसमध्ये खिळाच भोकाला बूच होऊन बसतो. हवा तासाभरात, कधी दिवसभरात उतरते. टायर न काढता खिळा चिमट्याने ओढायचा, कानशीच्या टोच्याने भोक साफ करायचे, सोल्युशन लावलेली रबराची दोरी सुईत ओवून अर्धी आत दाबायची, सुई झटक्यात मागे घ्यायची आणि बाहेरचे शेपूट कापायचे. हात बसलेला माणूस दहा मिनिटांत मोकळा होतो.

पश्चिमेला खानापूर तालुका लागला की चित्र उलटते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. दुसऱ्या अंगाने लोंढा, हेमाडगा, अनमोड. तांबडी माती, जांभा दगड, आणि चार महिने असा पाऊस की मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच का, हे वेगळे सांगावे लागत नाही. इथे खिळे कमी आणि खड्डे जास्त. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, आणि त्याची कड जांभ्याची असली तर पाट्यासारखी टणक असते. तिथे टायर दबून रिंगवर आपटतो. आत ट्यूब असेल तर ती दोहोंच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. ट्यूबलेसमध्ये चिमटायला काही नसते, हा फायदा. तोटा असा की रिंगची कड जराशी जरी वाकली तरी तिथून हवा जाते, आणि तिला दोरी लावून उपयोग नाही. ट्यूबवाला अशी वाकडी रिंग घेऊन घरी पोचतो, ट्यूबलेसवाला नाही. भीमगड अभयारण्याच्या (घोषणा २०११) अंगाला गवाळी, पास्तोली, कोंगळा अशी गावे आहेत. त्या बाजूला हवा गेली तर पंक्चरवाला शोधण्यात अर्थ नसतो.

म्हणून निपाणीत ज्याने 'ट्यूबलेससारखे सुख नाही' म्हटले आणि जांबोटीत ज्याने 'ट्यूबच बरी' म्हटले, ते दोघेही बरोबर आहेत.

पद्धती

सर्वांत प्रचलित पद्धत टेपची. थ्रीएमची ४४११ एन नावाची जाड, चिवट, पारदर्शकसर पट्टी यासाठी वापरतात. जाडी सुमारे १ मिलिमीटर. जपानी आउटेक्सचे तयार किट येते, इटलीच्या बारट्यूबलेसमध्ये रिंगच्या आत सलग पट्टाच बसवून मिळतो. नुसता सिलिकॉनचा लेप निपलांवर थापून देणारेही आहेत. असा लेप पहिल्या उन्हाळ्यापर्यंत टिकतो की पहिल्या पावसाळ्यापर्यंत, एवढाच प्रश्न उरतो. आणखी एक प्रकार शर्यतीतल्या मातीच्या गाड्यांचा: टायरच्या आत एक बारीक ट्यूब शंभर-एक पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप) फुगवून तिने टायरच्या कडा रिंगला दाबून धरायच्या. रोज नोकरीला जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही.

टेप लावण्याआधी रिंगवर काय छापले आहे ते पाहावे. एमटी छाप असेल तर टायरची कड जिथे बसते तिच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो कडेला आत घसरू देत नाही. डब्ल्यूएम छापाच्या रिंगला तो उंचवटा नसतो. अशा रिंगवर टेप लावून हवा धरते, पण वळणावर हवा उतरली तर टायर रिंगवरून सुटू शकतो, आणि पुढच्या चाकाचा टायर सुटणे म्हणजे माणूस जमिनीवर. म्हणूनच अनेक जाणते फक्त मागचे चाक ट्यूबलेस करतात आणि पुढे ट्यूब ठेवतात. हे अर्धवट काम वाटते. खरे तर तेच शहाणपणाचे आहे, कारण पंक्चर मागेच जास्त होते आणि मागचे चाक काढणेच जास्त किचकट असते. टायरवरही 'ट्यूबलेस' असे छापलेले हवे. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून चालते. ट्यूबचा टायर ट्यूबलेस म्हणून वापरणे चुकीचे, त्याची कड आणि आतला थर त्या कामासाठी बनवलेले नसतात.

काम असे चालते. चाक खोलून टायर, ट्यूब आणि निपलांवरची रबरी पट्टी काढतात. पावसाळा पाहिलेल्या गाडीत पट्टीखाली तांबडी गाळवट माती आणि निपलांवर गंज हमखास सापडतो. आधी आउट काढून सगळ्या तारा एकसारख्या ताणाव्या लागतात. हे टाळले तर पुढे सगळे वाया, कारण टेप लागल्यावर निपल फिरवले की त्यावरचा लेप तुटतो. मग निपलाबाहेर डोकावणारी तारेची टोके कानशीने घासून सपाट करायची, ती राहिली तर आतून टेपला टोचतात. रिंग पेट्रोलने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पेट्रोलचा तेलकट अंश मागे राहतो आणि टेप धरत नाही. प्रत्येक निपलावर सीलंटचा थेंब, रात्रभर वाळवण, मग टेप. टेप ताणून, बुडबुडा न ठेवता, रिंगच्या खोल भागातच बसली पाहिजे. टायरची कड जिथे टेकते तिथे ती चढली तर कड नीट बसत नाही. ट्यूबच्या वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) भोकात रबरी वायसर असलेला धातूचा वॉल नटाने आवळतात.

शेवटी साबणाचे पाणी लावून हवा. कॉम्प्रेसरचा काटा चढत जातो, टायर कुरकुरतो आणि 'फट्' असा आवाज येऊन एक कड बसते. थोड्या वेळाने दुसरा 'फट्'. नवखा गिऱ्हाईक पहिल्या आवाजाला दोन पावले मागे सरकतो. मग चाक पाण्याच्या टाकीत सावकाश फिरवून एकेका निपलापाशी बुडबुडा येतो का ते पाहायचे. चांगला कारागीर गाडी त्याच संध्याकाळी देत नाही. टायरवर खडूने आकडा लिहितो आणि म्हणतो, "घाई कशाला करताय की, उद्या सकाळी हवा बघून न्या." सकाळी आकडा दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरला असेल तर टेप पुन्हा. ज्या दुकानात ही रात्र सांगत नाहीत, तिथे हे काम करून घेऊ नये.

त्यानंतरची देखभाल ट्यूबच्या चाकापेक्षा जास्त आहे, कमी नाही. खानापूरकडच्या रस्त्यांवर तारा ढिल्या पडतातच, आणि एक ढिली तार आवळली की एक निपल गळू लागते. टायरमध्ये ओतायचे हिरवे जेल हा यावरचा आवडता उपाय. बारीक गळती ते थांबवते खरे, पण चाकाचा तोल बिघडवते आणि पुढे टायर काढताना पंक्चरवाल्याच्या शिव्या खायला लावते.

कायद्याचे थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. आतल्या टेपकडे रस्त्यावर कोणी पाहत नाही. तारा काढून बाहेरचा अलॉय बसवला तर मात्र विमा कंपनीपुढे तो प्रश्न होऊ शकतो.

जोडसाहित्य

रूपांतर झाले की पाठोपाठ वस्तू येतात. पहिली वस्तू बॅटरीवर चालणारा छोटा १२ व्होल्टचा पंप. त्याशिवाय दोरी लावून उपयोग नाही, कारण हवा भरायची कशाने? पायपंपाने पंक्चर काढलेला टायर भरता येतो, पण सुटलेली कड त्याने बसत नाही. वॉलच्या टोकाला लावायचे हवेचे सेन्सर दुसरे. हँडलवर आकडा दिसतो आणि सावकाश उतरणारी हवा वेळेत कळते. रबरी वॉलवर ते लावू नयेत, वजनाने वॉल मुळाशी चिरतो.

बाकीच्या वस्तूंसाठी बेळगावचा माणूस नशीबवान आहे. तिसऱ्या रेल्वे फाटकापलीकडचा उद्यमबाग हा फाउंड्री आणि मशीन शॉपचा परिसर. लेथ, वेल्डिंग, पत्रा कापणे हे शहराच्या हातातले काम. इंजिनाखालचा बॅश प्लेट, साइड स्टँडच्या पायाला रुंद चकती (तांबड्या चिखलात हिच्यावाचून गाडी हमखास आडवी होते), सामानाच्या पेट्यांचे कॅरिअर, लेग गार्ड हे नमुना दाखवून करून घेता येते. ॲल्युमिनियमचा बॅश प्लेट दिसायला देखणा, पण जांभ्यावर घासायचे असेल तर ३ मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा चालतो आणि वाकला तर पुन्हा ठोकता येतो. कॅरिअरबाबत एकच जपायचे: चौकटीला वेल्ड करू देऊ नये, नटबोल्टनेच धरावे. फॉग लाइट चोर्ल्याच्या धुक्यात उपयोगाचे आहेत, पण ते पिवळे, खाली झुकवलेले आणि रिलेवर (दिव्यांसाठीचा वेगळा विजेचा स्विच) हवेत. समोरून येणाऱ्या गोव्याच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपवणारे नकोत.

आणि एक ट्यूब. चाक ट्यूबलेस केले तरी पिशवीत ती ठेवावीच लागते. रिंग वाकली, टायरची बाजू फाटली, टेप सुटली, या तिन्हींवर तोच उपाय. दोन नको असतील तर पुढच्या चाकाची २१ इंची ठेवावी. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही दुमडून जाते, घरी पोचण्यापुरती. ती घालायची तर आधी धातूचा वॉल काढावा लागतो आणि त्याचा नट तोवर तांबड्या मातीने जाम झालेला असतो. त्या मापाचा पाना बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये नसतो, तो आठवणीने वेगळा घ्यावा. ट्यूब आत सारण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवावीत: जुन्या दोऱ्यांची टोके आणि मोडून राहिलेला खिळा तिथेच असतो.