झाडांची छाटणी व जळतण (मराठवाडा)

शेताच्या बांधावरची, रस्त्याकडेची आणि घरालगतची झाडे छाटणे, धोकादायक झाडे उतरवणे आणि निघालेल्या लाकडाचे जळतण करणे, हा मराठवाड्यातला जुना व्यवसाय आहे. छाटणारा आणि लाकूड फोडणारा बहुधा एकच असतो. त्याच्या हातून झाडाचे आयुष्य वाढूही शकते आणि संपूही शकते. ते कुऱ्हाड किंवा करवत कुठे चालली यावर ठरते.

या भागाचे सरपण मुख्यतः जंगलातून येत नाही. अजिंठ्याचे डोंगर, बालाघाटच्या रांगा आणि किनवट-माहूरचा सागवानी पट्टा सोडला, तर आठही जिल्ह्यांत सलग जंगल फारसे नाही. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे चुलीचे, वखारीचे आणि स्मशानातले लाकूड बांधावरून, ओढ्याकाठून आणि गायरानातून येते. एका अंत्यविधीलाच साधारण तीन ते चार क्विंटल लाकूड लागते. बांधावरचे तेच झाड सावली देते, शेळ्यांना पाला-शेंगा देते आणि औताला लाकूडही पुरवते. ते बुडापासून गेले की या सगळ्या गोष्टी एकदमच जातात.

कोणते झाड तोडल्यावर पुन्हा फुटते, ही या कामातली पहिली माहिती. लिंब (कडुनिंब), सुबाभूळ, निलगिरी आणि वेडी बाभूळ बुंध्यापासून तोडली तरी खुंटातून जोमाने फुटतात. गावरान बाभळीचे तसे नाही. जून बाभूळ बुडातून कापली तर बहुधा फुटत नाही, आणि तिच्या जागी बियांपासून नवे झाड वाढवावे लागते. म्हणून बाभळीचे जळतण फांद्या उतरवूनच घ्यावे. रामकाठी बाभळीच्या फांद्या सरळ वर जातात, तिची सावली पिकावर कमी पडते. बांधाला तीच बरी.

हंगाम रब्बीची ज्वारी निघाल्यापासून मृगापर्यंतचा. शेत मोकळे असते, गाडी बांधापर्यंत जाते आणि पावसाळ्याची बेगमी करायची असते. पण याच दिवसांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. दाट शेंडा एकदम उतरवला की आजवर सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते, तडकते आणि तिथून कीड शिरते. निम्म्याहून अधिक पाला ठेवून छाटणी केली, किंवा उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावला, तर झाड सावरते. बोरीची गोष्ट वेगळी. तिला फळ नव्या फुटीवरच लागते, त्यामुळे एप्रिल-मेमधली तिची कडक छाटणी बागाईतीचाच भाग आहे.

जाड फांदी उतरवण्याची रीत नीट पाहावी अशी आहे. वरून एकाच घावात फांदी तोडायला गेले, की निम्मी कापून होताच ती आपल्या वजनाने खाली येते आणि जाताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते. गावोगावच्या लिंबांवर दिसणारे लांबट, काळे पडलेले व्रण बऱ्याचदा असेच झालेले असतात. हे टाळण्यासाठी तीन काप घेतात. पहिला काप बुंध्यापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या चार बोटे पुढे, वरून. या कापावर फांदी पडते आणि फाटलेली साल पहिल्या कापाशी अडते. तिसरा काप उरलेला खुंट काढण्यासाठी. तो बुंध्याला घासून घ्यायचा नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथे सालीची एक फुगीर, सुरकुतलेली कड असते. बोटाने चाचपली तरी कळते. तिच्या लगत बाहेरून करवत चालवायची.

ही कड शाबूत ठेवण्यामागचे कारण अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी-आडवी चिरून दाखवून दिले. झाडात नासलेले लाकूड पुन्हा बरे होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती घालून ते आतच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. भिंत घालण्याची ताकद या कडेत असते. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने आतली कुज थांबत नाही, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे) लावतात ते बुरशीसाठी. कड कापून टाकली असेल तर त्या मलमाने ती भरून निघत नाही.

आंब्याच्या बाबतीत छाटणाऱ्याला वैद्यकीही करावी लागते. बुंध्याशी ताजा भुसा पडलेला दिसला तर खोडात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरले असे समजावे. छिद्रात वाकवलेली तार घालून अळी ओढून काढतात किंवा आतच मारतात, मग औषधाचा बोळा घालून तोंड चिखलाने लिंपतात. मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या बागा वाढल्या, ही आनंदाची बाब. गावोगावच्या जुन्या गावरान आमराया मात्र करवतीखाली गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक झाडांना वेळेवरची छाटणी व भिरुडाचा बंदोबस्त वाचवू शकला असता.

उभे झाड पुष्कळदा उक्ते विकले जाते. ठेकेदार घेर आणि उंची पाहून अंदाजाने रक्कम सांगतो, तोडणी आणि वाहतूक त्याचीच. शेतकऱ्याने वजनावर सौदा करणे केव्हाही हिताचे. पूर्वीच्या कुऱ्हाड, पाचर, घण आणि दोनमाणशी करवतीच्या जोडीला आता पेट्रोलवरचे कटर आले आहे. कामाचा वेग वाढला, तसा धोकाही. डोक्यावर शिरस्त्राण नाही, पायांत चप्पल आणि कमरेला साधा कासरा, असे वर चढलेले माणूस आजही सर्रास दिसते. विजेच्या तारेजवळची फांदी तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणी हात लावण्याची नव्हेच. ओली फांदी वीज वाहून नेते.

उतरवलेल्या लाकडाचे आधी हात-दीड हाताचे तुकडे पाडतात, मग पाचर मारून फोडतात. बाभूळ ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर ती इतकी कठीण होते की कुऱ्हाड उसळते. औतासाठी ठेवायची असेल तर सुतार ती आधी पाण्यात भिजत टाकतो, म्हणजे भुंगा लागत नाही. जळतणाच्या ढलप्या जमिनीला टेकू न देता, दगडांवर किंवा आडव्या ओंडक्यांवर, वारा खेळेल अशा रचतात. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता जाते. वाळलेली बाभूळ किलोला साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी देते. ओले लाकूड त्यातले बरेच गमावते, शिवाय धूर करते, आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला तडे दिसतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो.

भाकरीला झटकन पेटणारी तुराटी, डाळ शिजायला टिकणारी बाभूळ, अशी घरोघरी वाटणी असते. कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटीही जाळतात. पण ती बांधावर रचून ठेवू नये. तिच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर उतरते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेडोपाडी पोहोचला, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरांत अजून चुलीवरच होते.

वृक्षतोडीवर दोन प्रमुख राज्य कायदे लागू होतात. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडे आहेत; ती खासगी जमिनीवर असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू असून परवानगी वृक्ष प्राधिकरण देते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून जादा संरक्षण मिळाले. बाभूळ आणि लिंब मात्र १९६४ च्या यादीत नाहीत. मराठवाड्याचे बहुतेक जळतण याच दोन झाडांचे, म्हणून बांधावर त्यांची संख्या टिकणे हे जमिनीचा मालक आणि छाटणारा या दोघांवरच अवलंबून आहे.