अंडाशयातल्या ‘गाठी’ आणि रॉटरडॅमचा निर्णय

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटची ओळ असते, ‘दोन्ही ओव्हरीज बल्की, पीसीओ पॅटर्न’. पीसीओ म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, शब्दशः अनेक गाठींचे अंडाशय. घरी पोहोचेपर्यंत त्या ओळीचे मराठी झालेले असते, ‘अंडाशयात गाठी झाल्यात’. आई घाबरते, मुलगी गप्प होते. पण त्या गाठी नव्हेतच. त्या बीजपुटिका आहेत, म्हणजे अंडे ज्यात वाढते त्या बारीक पिशव्या, वाढायला निघालेल्या आणि अर्ध्यावर थांबलेल्या. आकार २ ते ९ मिलिमीटर, म्हणजे मोठ्यात मोठी धरली तरी भिजलेल्या साबुदाण्याहून थोडीच मोठी. पडद्यावर त्या अंडाशयाच्या कडेने काळ्या मण्यांसारख्या ओवलेल्या दिसतात. त्या काढायच्या नसतात, विरघळवायच्याही नसतात. त्यांच्यामुळे पाळी चुकते असेही नाही. ज्या कारणाने पाळी चुकते, त्याच कारणाने त्या साठतात.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) या आजाराच्या नावातला हा घोळ १९३५ सालचा. शिकागोतल्या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी नाही, मूल नाही, काहींच्या अंगावर दाट लव, आणि अंडाशये मोठी झालेली. त्यांनी दोन्ही अंडाशयांचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. दोष अंडाशयात आहे, असा अर्थ लावला जाणे साहजिक होते. पुढची कित्येक वर्षे हे ऑपरेशन होत राहिले. पोटातले अवयव एकमेकांना चिकटून गर्भधारणाच अवघड झाल्याची उदाहरणे दिसू लागली आणि अंडे सुटायला लावणाऱ्या गोळ्या हाताशी आल्या, तेव्हा कुठे ते मागे पडले.

खरे तर दुसरे टोक त्याआधीच सापडले होते. १९२१ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी ‘दाढी असलेल्या स्त्रियांच्या मधुमेहा’चे वर्णन केले होते. साखर आणि पुरुषी संप्रेरके एकाच शरीरात एकत्र बिघडलेली त्यांना दिसली होती. या धाग्याकडे जवळपास साठ वर्षे फारसे कुणी वळले नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते. १९८० मध्ये अशा स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेले असते हे मोजून दाखवण्यात आले, तेव्हा चित्र बदलले. मेंदूतून ठोक्याठोक्याने सुटणाऱ्या संप्रेरकाचे हे ठोके जलद पडले की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एलएच (ल्युटिनायझिंग हॉर्मोन) हे संप्रेरक जास्त सोडते. एलएच अंडाशयाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. वाढलेले इन्सुलिन त्यात भर घालते. शिवाय ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत बनवते, तेही इन्सुलिनमुळे कमी होते. मग मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते, बीजपुटिका अडतात, आणि अंडे सुटले नाही की पाळीचे चक्रच कोलमडते. मेंदू, स्वादुपिंड, यकृत आणि अंडाशय यांच्यातला हा संवाद बिघडलेला असतो. नाव मात्र एकट्या अंडाशयाचे.

१९९० मध्ये अमेरिकेत तज्ज्ञ जमले. निदानासाठी पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि अनियमित पाळी, दोन्ही हवे, असे ठरले. सोनोग्राफी त्यात नव्हती. त्याला कारणही होते. लंडनमध्ये १९८८ साली निरोगी स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा पाचातल्या एकीहून थोड्या जास्त जणींची अंडाशये अशीच दिसली होती. युरोपातल्या डॉक्टरांचा भर मात्र सोनोग्राफीवर होता.

२००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिसरा निकष आत आला. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतले चित्र या तीनपैकी कोणतेही दोन पुरे. चित्राचे मापही ठरले: एका अंडाशयात १२ किंवा जास्त बीजपुटिका, किंवा आकारमान १० मिलिलिटरहून अधिक. म्हणजे टेस्टोस्टेरॉन अगदी नॉर्मल असलेली, फक्त पाळी लांबणारी आणि सोनोग्राफीत मणी दिसणारी स्त्रीही यात बसू लागली. निदानाचे प्रमाण वाढले, काही पाहण्यांत जवळपास दुप्पट झाले. हा निर्णय सरसकट चूक होता असे मी म्हणणार नाही. आधी ज्यांना कुणी दाद देत नव्हते, अशा अनेकींना त्यामुळे उपचार मिळाले. पण चित्राला दिलेले वजन जास्त झाले. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने पुरुषी संप्रेरकांची अट परत आणायचा प्रयत्न केला. प्रॅक्टिसमध्ये रॉटरडॅमच टिकले. सोनोग्राफीची यंत्रे सुधारली, बारीक बीजपुटिकाही दिसू लागल्या, आणि २०१८ मध्ये १२ चा आकडा २० वर न्यावा लागला.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, पीसीओडी की पीसीओएस. ‘पीसीओडी म्हणजे सौम्य, पीसीओएस म्हणजे गंभीर’ हे सर्रास सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत असा भेद नाही. आजार एकच आहे, त्याला आता सिंड्रोम म्हणतात, आणि डी (डिसीज) हे अक्षर आपल्या बोलण्यात राहून गेले आहे. नावच बदलावे, अशी शिफारस २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने केली होती.

२०२३ च्या सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच (बीजपुटिकांतून स्रवणारे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन) मोजणाऱ्या रक्ततपासणीचा पर्याय दिला. किशोरवयीन मुलींसाठी मात्र दोन्ही नको म्हटले. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे अंडाशयात भरपूर बीजपुटिका दिसणे हे त्या वयाला धरूनच असते. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीची ही मुदत विसाव्या वर्षी संपते. सोळाव्या वर्षी ‘पीसीओ पॅटर्न’ची ओळ हातात आली, तर तेवढ्यावरून निदान होत नाही.