मालदीव म्हणजे लाखांचाच खेळ?

‘मालदीवला जायचं तर रिसॉर्टच घ्यावं लागतं’ हा समज जुना आहे. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली आणि माफुशी, धिगुरासारख्या बेटांवर बेताच्या दरात राहता येऊ लागलं. मात्र तिथे दारू मिळत नाही आणि बिकिनी ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालते.

बजेट कोलमडतं ते खोलीच्या भाड्यामुळे नाही. दरापुढचं ‘++’ चिन्ह नीट पाहा. 100 डॉलरवर आधी 10 टक्के सेवाशुल्क लागतं, मग त्या 110 वर 17 टक्के कर. बिल होतं 128.70. शिवाय हरित कर वेगळा: वस्तीच्या बेटावरच्या 50 किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये माणशी रोज 6 डॉलर, रिसॉर्टमध्ये 12.

दुसरी गळती बोटीची. राजधानी मालेहून माफुशीची सरकारी फेरी अगदी स्वस्त, पण दीडेक तास लागतो आणि शुक्रवारी ती बंद असते. विमान शुक्रवारी उतरत असेल तर स्पीडबोटीचे पैसे आधीच धरा.

स्कूबा डायव्हिंगचा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा) दर विचारताना उपकरणांचं भाडं, बोट आणि कर त्यात आहेत का, हे लेखी घ्या. पॅकेजमधलं ‘मोफत स्नॉर्केलिंग’ बहुधा फक्त मास्क-नळीपुरतं असतं; बोटीचे पैसे वेगळे. एकाहून जास्त डाइव्ह केल्यास विमानाआधी किमान 18 तास मोकळे ठेवावे लागतात, म्हणजे एका रात्रीचं भाडं वाढलंच. विम्यात स्कूबा आहे का आणि पाण्याखाली किती खोलपर्यंत चालतं, ते तपासा. साध्या प्रवासविम्यात ते अनेकदा वगळलेलं असतं.