पुण्याच्या जैवतंत्रज्ञान स्टार्टअपांची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये देशी बनावटीच्या पहिल्या करोना आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली. ते किट पुण्याच्या मायलॅब या कंपनीचं होतं आणि ते तपासून पाहणारी राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, तीही पुण्यातलीच. हा शेजार जुळून यायला सत्तर वर्षं लागली आणि त्यातला बराच खर्च सरकारने केला.

पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) १९५० ची. १९५२ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने विषाणू संशोधन केंद्र काढलं, तीच आजची एनआयव्ही. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनसाठी मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवायची, त्यात दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, मग औषध वेगळं काढून शुद्ध करायचं. हे नुसतं वाचून जमत नाही, हाताखालून जावं लागतं. पिंपरीत ते शिक्षण झालं. शहराच्या औषधउद्योगाबद्दल बोलताना या कारखान्याचं नाव क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात घोड्यांपासून झाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि त्यांच्या रक्तापासून तिथे प्रतिविषं तयार होत. घोडे आपले, तर औषधही आपणच का बनवू नये, या विचाराने सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली.

हैदराबादची जीनोम व्हॅली, म्हणजे जैवतंत्रज्ञान कंपन्यांची वसाहत, राज्य सरकारने आखून वसवली. पुण्यात तसा आराखडा नव्हता. इथे वळण आलं २००७ मध्ये, एनसीएलच्या आवारात नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर सुरू झालं तेव्हा. नव्या कंपनीला महागडी यंत्रं विकत घेणं परवडत नाही. इथे ती शुल्क भरून वापरता येतात आणि अडलं तर शेजारच्या शास्त्रज्ञाला विचारता येतं. २०१२ मध्ये केंद्र सरकारने बायरॅक ही जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी संस्था स्थापन केल्यावर अशा केंद्रांमार्फत नुसत्या कल्पनेलाही ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. बँक अशा कल्पनेला दारात उभं करत नाही, म्हणून माझ्या मते हा पैसा फार मोलाचा.

तरीही सगळं एकाच शहरात होत नाही. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा केला पुण्याच्या एनआयव्हीने. लस तयार केली हैदराबादच्या भारत बायोटेकने, कारण जिवंत विषाणू सुरक्षितपणे वाढवून लस बनवण्याची कडेकोट सोय तिच्याकडे होती.