पिल्लं नसलेला कळप

भिगवणजवळच्या कुंभारगावात उजाडायच्या आत होडी पाण्यात लोटतात. उजनीच्या पाण्यावर धुकं असतं आणि पुण्याहून चारला निघालेले आम्ही अर्धवट झोपेत. फ्लेमिंगो दिसले की सगळे कॅमेरे गुलाबी पंखांकडे वळतात. गेल्या खेपेला नावाड्याने बांबू चिखलात रोवला आणि थव्याच्या कडेला बोट दाखवलं. "ती करडी दिसत्यात का सर? ती पोरं हायेत. रंग चढायचाय अजून."

फ्लेमिंगोचं पिल्लू करडंच असतं. शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन त्यांतली रंगद्रव्यं पिसांत उतरायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे थव्यात करडे किती, यावरून तिकडे कच्छच्या रणात वीण कशी झाली याचा अंदाज येतो. नुसता एकूण आकडा फसवा. दीर्घायुषी प्राण्यांत म्हातारे वर्षानुवर्षं टिकून राहतात, कळप भरलेला दिसतो, आणि पोरवय कधी संपलं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आफ्रिकेतल्या चाड देशात हे हत्तींच्या बाबतीत घडलं. झाकुमा हे तिथलं राष्ट्रीय उद्यान १९६३ सालचं, सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचं. देशाने त्यानंतरची कित्येक दशकं यादवी आणि बंडाळीत काढली. २००२ च्या सुमारास झाकुमात चार हजारांवर हत्ती होते, २०१० मध्ये साडेचारशेच्या आसपास. नकाशावर उद्यानाची हद्द तसूभरही हलली नव्हती. हस्तिदंतासाठी घोड्यांवरून टोळ्या येत, बऱ्याचदा सुदानच्या बाजूने. पावसाळ्यात उद्यानातले रस्ते पाण्याखाली जातात आणि हत्ती हद्दीबाहेर पांगतात. शिकाऱ्यांना तीच वेळ सोयीची.

मेलेल्या हत्तींची मोजदाद करता येते. जिवंत राहिलेल्यांचं काय झालं ते जास्त चक्रावणारं आहे. ते एकमेकांना चिकटून एकाच मोठ्या कळपात राहू लागले, आणि त्यांची वीण जवळपास थांबली. २०११ मध्ये त्या अख्ख्या कळपात पाच वर्षांखालचं पिल्लू सापडलं ते एक.

असं का व्हावं? याचा एक धागा टांझानियातल्या मिकुमी उद्यानात मिळतो, तोही हत्तींच्या शेणात. ताणाखाली शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकांचे अवशेष शेणात उतरतात. तिथल्या अभ्यासात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, असं दिसलं की ज्या गटांतली म्हातारी, वाट दाखवणारी मादी शिकारीत गेली आणि जवळची नाती उरली नाहीत, तिथल्या माद्यांमध्ये ताणाची पातळी जास्त आणि पिल्लं कमी. शिकार थांबून बरीच वर्षं लोटली होती तरीही. हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिन्यांचा आणि दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षांचं अंतर, म्हणजे घडी एकदा विस्कटली की बसायला किती काळ लागेल ते बघा.

२०१० मध्ये चाड सरकारने झाकुमाचा कारभार करार करून 'आफ्रिकन पार्क्स' या संस्थेकडे दिला. पुढे जे झालं त्यात दिपवणारं तंत्रज्ञान फारसं नाही. हत्तींच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधले, हे खरं. पण माझ्या मते बाकीची कामं जास्त मोलाची: वनरक्षक पावसाळाभर जागेवर ठेवले, बारमाही धावपट्टी बांधली, आसपासच्या गावांत वायरलेस संच दिले, शाळांना मदत केली. किंमतही मोजली. सप्टेंबर २०१२ मध्ये हेबान इथल्या चौकीवर पहाटेच्या नमाजाच्या वेळी हल्ला झाला आणि सहा जण मारले गेले. तरी माणसं हटली नाहीत. २०१८ च्या गणतीत हत्ती साडेपाचशेच्या वर गेले होते आणि पाच वर्षांखालची पिल्लं शंभराहून जास्त होती.

चांगला कारभार म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही त्याच वर्षी दिसलं. दक्षिण आफ्रिकेतून सहा काळे गेंडे झाकुमात आणले. त्यातले चार काही महिन्यांत दगावले. शिकाऱ्यांनी मारले नाहीत. नव्या रानातला चारा त्यांना मानवला नाही.

झाकुमा हे एकटंदुकटं उदाहरण वाटू नये म्हणून पाणपक्ष्यांचा एक जगभरचा अभ्यास सांगतो, कारण तो थेट आपल्या होडीपर्यंत पोचतो. २०१८ साली 'नेचर'मध्ये तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी ४६१ जातींच्या, पंचवीस हजारांवर ठिकाणच्या नोंदी तपासल्या. अशा नोंदी बहुतेक हौशी लोक थंडीत कुडकुडत करतात. पक्षी कुठे घटतात हे सांगणारा सर्वांत ठळक घटक निघाला देशाचा कारभार: कायदा पाळला जातो का, भ्रष्टाचार किती, हिंसाचार किती. हवामानबदल किंवा लोकसंख्यावाढ त्याच्या मागे. आणि संरक्षित क्षेत्रांचा फायदा दिसला तो कारभार बरा असलेल्या देशांतच.

हे वाचून मी नकाशा उघडला तो सोलापूरचा. माळढोक या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेलं अभयारण्य कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं, रस्ते, शेतं सगळंच आलं. एवढ्या पसाऱ्याची राखण कोण करणार? लोकांना घराची वीट हलवायलाही परवानगी लागायची, त्यामुळे पक्ष्याबद्दल रागच वाढला. २०१२ मध्ये ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. माळढोकची मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

भिगवणहून परतताना आम्ही पुण्याची वाट सोडून उलट्या दिशेला, त्याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर गेलो. संध्याकाळपर्यंत दुर्बीण लावून बसलो होतो. काळविटांचा एक कळप गवतातून आरामात चरत गेला. माद्यांच्या मागे सहा पाडसं मोजली. माळढोक दिसला नाही.