विषारी वायूचा हल्ला झाला, हे ठरवायचं कसं?

२ डिसेंबर १९४३च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी दक्षिण इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. बंदर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं आणि जहाजांनी गच्च भरलेलं होतं. त्यातल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकी मालवाहू जहाजात मस्टर्ड या अंगावर फोड आणणाऱ्या विषाचे सुमारे २,००० बॉम्ब होते. ही गोष्ट इतकी गुप्त होती, की किनाऱ्यावरच्या इस्पितळांना तिचा पत्ताच नव्हता, आणि जहाजावर ज्यांना ती माहीत होती ते जहाजाबरोबरच गेले. पाण्यातून ओढून काढलेल्या, तेलाने माखलेल्या खलाशांना त्याच ओल्या कपड्यांवर ब्लँकेटं गुंडाळून बसवण्यात आलं. काही तासांत त्यांचे डोळे सुजून मिटले, अंगावर मोठाले फोड आले आणि बरी वाटणारी माणसं अचानक दगावू लागली.

अल्जिअर्सहून स्ट्युअर्ट अलेक्झांडर नावाचा अमेरिकी लष्करी डॉक्टर आला. त्याला इस्पितळात शिरताच लसणासारखा वास आला. मस्टर्डचा असा वास येतो हे तो जाणून होता. बंदरातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मग अलेक्झांडरने साधीच गोष्ट केली. हल्ल्याच्या वेळी कोण कुठल्या जहाजावर होतं हे विचारून त्याने बंदराचा नकाशा काढला आणि त्यावर मृत्यू मांडले. ते एकाच जहाजाभोवती दाटले होते. पुढे एका पाणबुड्याने तळातून बॉम्बचं फुटकं कवच वर आणलं. त्यात मस्टर्डचा अंश होता, आणि बॉम्ब अमेरिकी बनावटीचा होता. मस्टर्डमुळे ६००हून अधिक जण इस्पितळात दाखल झाले होते. महिनाअखेरीपर्यंत त्यातले ८३ दगावले. शहरातल्या सामान्य नागरिकांची गणती तर नीट झालीच नाही. तरीही चर्चिल यांनी मस्टर्डचा उल्लेख मान्य केला नाही आणि ब्रिटिश कागदपत्रांत 'शत्रूच्या कारवाईमुळे भाजल्या'ची नोंद झाली.

त्यामुळे युद्धातल्या रासायनिक हल्ल्यांबद्दलची सरकारी हकीकत ऐकून कोणी भुवया उंचावल्या, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं जे चित्र उभं केलं, ते नंतर कोसळलं. इतकं झाल्यावर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवायचा तरी का? पण नुसता संशय फुकटात मिळतो. अलेक्झांडरचा संशय उपयोगी पडला, कारण तो नकाशावर आणि धातूच्या तुकड्यावर तपासता आला.

संशय कसा तपासावा याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 'पिवळ्या पावसा'चं आहे. १९८१च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमध्ये जाहीर केलं, की लाओस, कंबोडिया आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत संघ आणि त्याचे साथीदार बुरशीजन्य विषं वापरत आहेत. लाओसमधून थायलंडला पळून आलेले ह्मोंग निर्वासित सांगत होते, की आकाशातून पिवळे थेंब पडले, मग उलट्या झाल्या, नाकातून रक्त आलं, माणसं मेली. पानांवर आणि दगडांवर काही मिलिमीटरचे पिवळे डाग खरोखरच होते. कंबोडियातून आणलेल्या पानाच्या आणि काडीच्या एका नमुन्यात प्रयोगशाळेला फ्युजेरियम बुरशीची विषं सापडली होती. आरोपाचा डोलारा सुरुवातीला एवढ्यावरच उभा होता.

मग ब्रिटनच्या पोर्टन डाऊन या लष्करी प्रयोगशाळेत ते डाग सूक्ष्मदर्शकाखाली गेले. डागांत भरले होते परागकण. अमेरिकी अधिकाऱ्यांनी यावरही स्पष्टीकरण शोधलं: विष शरीरात मुरावं म्हणून शत्रूने पराग मुद्दाम मिसळला असेल! हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांना हे पटेना. त्यांनी मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांना गाठलं. कणांची बाहेरची टरफलं शाबूत होती, पण आतलं प्रथिन गायब होतं. मधमाशीच्या पोटातून गेलेला पराग असाच दिसतो. परागकण त्याच प्रदेशातल्या झाडांचे होते आणि शेजारशेजारच्या दोन डागांतही त्यांचं मिश्रण वेगळं होतं. एकाच टाकीतून फवारलेल्या द्रवाचे थेंब इतके वेगवेगळे कसे असतील? वेगवेगळ्या फुलांवर बसलेल्या वेगवेगळ्या माश्यांची विष्ठा मात्र अशीच असणार.

१९८४मध्ये मेसेल्सन आणि सीली थायलंडच्या जंगलात गेले, आणि एका ठिकाणी त्यांच्याच अंगावर हा पिवळा पाऊस पडला. उंच झाडांवर आग्यामाश्यांची मोहोळं होती. या माश्या थव्याने उडतात, हवेतच पोट मोकळं करतात आणि काही मिनिटांत पोळ्यावर परततात. इतक्या उंचावर त्या खालून नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाहीत. चीनच्या जिआंग्सू प्रांतात असाच पाऊस पडला होता आणि तिथल्या संशोधकांनी तो मधमाश्यांचाच असल्याचं १९७७मध्ये छापलंही होतं. ते वॉशिंग्टनमध्ये कोणी वाचलं नव्हतं, इतकंच. पुढच्या नमुन्यांत अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या प्रयोगशाळेला आणि पोर्टन डाऊनलाही ती विषं सापडली नाहीत. तरी अमेरिकेने हा आरोप औपचारिकपणे कधीच मागे घेतला नाही.

ह्मोंग लोक खोटं बोलत होते असा याचा अर्थ लावणं अन्यायाचं ठरेल. त्यांच्यावर बॉम्ब पडले होते, ते उपाशी आणि आजारी होते, त्यांची माणसं गेली होती. पानावरचा डाग आणि घरातला मृत्यू यांची सांगड चुकीची होती, आणि ती पक्की करण्यात प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यांचा हात मोठा होता. जाता जाता सांगतो: याच मेसेल्सन यांच्या गटाने पुढे स्वेर्दलोव्हस्कमधल्या १९७९च्या अँथ्रॅक्स साथीबद्दलची सोव्हिएत थाप उघडी पाडली. सरकार म्हणत होतं दूषित मांस. वाऱ्याची दिशा आणि मृतांचे पत्ते नकाशावर मांडल्यावर सगळी रेघ लष्करी तळापाशी जाऊन टेकली.

आता उलट बाजू पाहू. १६ मार्च १९८८ रोजी इराकी कुर्दिस्तानातल्या हलब्जा शहरावर सद्दाम हुसेनच्या विमानांनी मस्टर्ड आणि मज्जासंस्थेवर मारा करणारी विषं टाकली. हजारो माणसं मेली. इराकने हात झटकले, आणि काही अमेरिकी अधिकाऱ्यांनी इराणकडेही बोट दाखवलं. इथे सरकारी हकीकत 'हल्ला झाला' अशी नव्हतीच. ती होती, 'आम्ही केला नाही आणि कोणी केला ते सांगता येत नाही.' त्याच वर्षी २५ ऑगस्टला बिर्जिन्नी नावाच्या छोट्या कुर्दी गावावर बॉम्ब पडले. गावकरी सांगत होते ते खरं कसं ठरवायचं? सारिन हे मज्जासंस्थेवर मारा करणारं विष काही मातीत बसून राहत नाही. तासांत किंवा दिवसांत उडून जातं, नाहीतर पाण्याशी संयोग होऊन मोडतं.

पण मोडताना ते ठसा ठेवतं. सारिनच्या रेणूत मध्यभागी फॉस्फरसचा अणू असतो. त्याला फ्लोरिनचा एक अणू, कार्बनचा मिथाइल गट आणि ऑक्सिजनमार्फत आयसोप्रोपाइल गट जोडलेला असतो. पाणी लागलं की फ्लोरिन आधी सुटतो आणि उरतं आयसोप्रोपाइल मिथाइलफॉस्फॉनिक आम्ल. सगळे त्याला 'इम्पा' म्हणतात. पुढे आयसोप्रोपाइल गटही हळूहळू गळतो आणि साधं मिथाइलफॉस्फॉनिक आम्ल उरतं. कार्बन आणि फॉस्फरसमधला बंध भलता चिवट असतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. यातलं साधं आम्ल इतर मार्गांनीही येऊ शकतं. काही अग्निरोधक रसायनांतून ते मिळतं, समुद्रातले काही सूक्ष्मजीवही त्या जातीचं संयुग बनवतात. इम्पा मात्र सारिनकडेच बोट दाखवतं. व्हीएक्स आणि सोमन ही त्याच जातीची विषं. व्हीएक्स मोडलं तर तिथे इथाइलवालं आम्ल सापडतं, सोमन मोडलं तर आणखी तिसरं.

१९९२च्या जूनमध्ये मानवाधिकार संघटनांच्या गटाने बिर्जिन्नीतल्या बॉम्बच्या खड्ड्यांतली माती आणि धातूचे तुकडे गोळा केले. पोर्टन डाऊनमध्ये ते तपासले गेले. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये मिश्रणातले घटक एका लांब बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं घेतो. या तुकड्यांची मांडणी प्रत्येक संयुगाची आपापली असते. १९९३च्या एप्रिलमध्ये निकाल आला: मस्टर्ड, आणि सारिनचे अवशेष, इम्पासकट. हल्ल्यानंतर जवळजवळ ४ वर्षांनी गोळा केलेल्या मातीने साक्ष दिली, आणि ती गावकऱ्यांच्या वर्णनाशी जुळली.

रक्त त्याहून बोलकं असतं. सारिन शरीरात शिरलं की रक्तातल्या कोलिनेस्टरेज जातीच्या विकरांना चिकटून बसतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी युक्ती काढली, की अशा रक्तात फ्लोराइड घातलं तर चिकटलेला भाग सुटून पुन्हा सारिन तयार होतं, आणि ते मोजता येतं. टोकियोच्या भुयारी रेल्वेवर २० मार्च १९९५ रोजी हल्ला झाला, त्यातल्या रुग्णांच्या रक्तावर ही पद्धत वापरून सारिन दाखवून देण्यात आलं. विषबाधा होऊन काही आठवडे लोटले तरी ही खूण मिळू शकते. रुग्णाने नाटक केलं असेल अशी शंका कोणी काढली, तर रक्तातलं विकर नाटक करत नाही हे त्याला दाखवता येतं.

'पण प्रयोगशाळा तर सरकारीच ना?' हा प्रश्न रास्त आहे. पोर्टन डाऊन ब्रिटिश संरक्षण खात्याचीच आहे. यावर नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेने, म्हणजे ओपीसीडब्ल्यूने, उपाय बसवला आहे. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातून कोणाकडे गेला, सील कधी फुटलं, याची अखंड नोंद ठेवायची. नमुन्याचे भाग करून ते किमान २ वेगवेगळ्या देशांतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना पाठवायचे, आणि सोबत विष नसलेले व मुद्दाम विष घातलेले नमुनेही द्यायचे. कुठल्या बाटलीत काय आहे हे प्रयोगशाळेला सांगायचं नाही. जी प्रयोगशाळा नसलेलं विष 'शोधते' ती उघडी पडते. मान्यता टिकवायची तर नियमित चाचण्यांना बसावं लागतं. मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तिची उभारणीच अविश्वासावर केलेली आहे. कच्चा दुवा राहतो तो नमुना गोळा करण्याचा. तज्ज्ञ स्वतः पोहोचू शकले नाहीत, दुसऱ्याने आणून दिलेल्या पिशवीवर विसंबावं लागलं, की शंकेला जागा राहतेच.

सीरियात हे सगळं पणाला लागलं. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घौतामध्ये हल्ला झाला, तेव्हा ओके सेलस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखालचं संयुक्त राष्ट्रांचं पथक योगायोगाने दमास्कसमध्येच होतं. पाच दिवसांनी त्यांना आत जाता आलं. त्यांनी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी सुमारे ८५ टक्के नमुन्यांत सारिनची खूण मिळाली. सारिन वापरलं गेलं, इथवर रसायनशास्त्र ठाम होतं. त्यापुढे मात्र पाय घसरायला लागतात. मृतांचा आकडा अमेरिकेने १,४२९ सांगितला, फ्रेंच गुप्तचरांनी किमान २८१ म्हटलं. कुठलाही मास स्पेक्ट्रोमीटर हा फरक मिटवू शकत नाही. पथकाने जमिनीत रुतलेल्या रॉकेटांची दिशा मोजली होती. वर्तमानपत्रांनी त्या रेषा नकाशावर लांबवून सुमारे ९ किलोमीटरवरच्या लष्करी तळापर्यंत नेल्या. पुढे रिचर्ड लॉइड आणि एमआयटीचे थिओडोर पोस्टोल यांनी गणित मांडलं, की त्या बोजड नळकांड्याचं रॉकेट २ किलोमीटरच्या आसपासच जाईल. हा संशय चांगल्या जातीचा होता: आकडे घेऊन आला आणि रेषेची लांबी दुरुस्त करून गेला. रॉकेट सोडलं कोणी हे त्यावरून आपोआप ठरत नव्हतं, पण अनेकांनी ते ठरल्यासारखं धरलं.

'कोणी' या प्रश्नाच्या जवळ जाणारं रसायनशास्त्र आहे, ते अशुद्धींचं. प्रत्येक कारखान्याच्या मालात ठरावीक भेसळ उतरते. ४ एप्रिल २०१७ रोजी खान शेखूनमध्ये सारिन वापरलं गेलं, तेव्हा सीरियाने २०१३नंतर नष्ट करायला दिलेल्या साठ्यातल्या कच्च्या मालाचे नमुने तुलनेला हाताशी होते. खुणा जुळल्या. संयुक्त राष्ट्रं आणि ओपीसीडब्ल्यू यांच्या संयुक्त चौकशी यंत्रणेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इतर पुराव्यांसह सीरियन सरकारला जबाबदार धरलं. सीरिया आणि रशियाने ते फेटाळलं. एकेकट्या खुणेवर मात्र भिस्त ठेवू नये. घौताच्या नमुन्यांत हेक्झामीन नावाचं रसायन मिळालं होतं आणि सीरियाच्या जाहीर साठ्यातही ते होतं, पण ते स्फोटकांत आणि घन इंधनाच्या गोळ्यांतही असतं.

क्लोरिनचं प्रकरण सगळ्यात किचकट. ते उडून जातं आणि मागे राहतं ते क्लोराइड, जे साध्या मिठातही आहे. ७ एप्रिल २०१८च्या दूमातल्या हल्ल्यानंतर तज्ज्ञांनी लाकूड तपासलं. सूचिपर्णी झाडांच्या लाकडातल्या पाइनीनपासून बनलेलं बोर्निल क्लोराइड त्यात मिळालं, जे लाकडात आपसूक नसतं. ओपीसीडब्ल्यूच्या २०१९च्या मार्चमधल्या अहवालाने जपून शब्द वापरले: अभिक्रियाशील क्लोरिन असलेलं विषारी रसायन वापरलं गेल्याचं मानायला वाजवी आधार आहे. संघटनेतल्याच एका अभियंत्याचं टिपण बाहेर फुटलं. घटनास्थळी सापडलेले सिलिंडर हवेतून पडले यापेक्षा हाताने ठेवले गेले असण्याची शक्यता त्याला जास्त वाटत होती. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. सिलिंडरचं वजन, छताच्या काँक्रीटची जाडी, सळ्या कशा वाकल्या, याची गणितं पुन्हा मांडावी लागली. २०२३च्या जानेवारीत संघटनेच्या दुसऱ्या पथकाने निष्कर्ष काढला, की सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने दोन सिलिंडर टाकले आणि त्यात ४३ जणांचा जीव गेला.

ते दोन सिलिंडर आता कोणालाच पुन्हा तपासता येणार नाहीत. ते सीरियन सरकारच्या ताब्यात होते. ८ जून २०२१च्या इस्रायली हवाई हल्ल्यात ते नष्ट झाल्याचं सरकारने संघटनेला कळवलं. संघटनेने ते आधी जिथे पाहिले होते, तिथून ही जागा सुमारे ६० किलोमीटर दूर होती. ते तिथे कसे गेले याचा खुलासा संघटनेने मागितला. २०२४च्या डिसेंबरमध्ये असद राजवट कोसळली, आणि पुढच्या वर्षापासून संघटनेचे तज्ज्ञ नव्या सरकारच्या परवानगीने सीरियातल्या जुन्या जागांवर जाऊन नमुने घेऊ लागले आहेत.